फुकटचं प्यादं

शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या तेव्हा न्याहारीच्या खोलीत हशा पिकला. पहिल्याच पटावर दादा आणि ती. गुणांचं गणित असं जुळून आलं होतं, की त्या दोघांनी बरोबरी केली तर दोघंही देशाच्या संघात जाणार, आणि दोघांपैकी कुणी हरलं तर त्याची जागा खाली टपून बसलेल्या वकिलाला मिळणार. शेंबड्या पोरालाही कळावं असं सगळं. चार चाली खेळायच्या, हात मिळवायचा आणि सामान बांधायचं.

वकील म्हणजे खरोखरचा, कोर्टात उभा राहणारा वकील. खेळायचा चांगला, पण जिभेला हाड नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन तो त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मग मॅडम, आज पट मांडायचा, की नुसती सही करून उठायचं?"

दादा पावाला लोणी लावत होता. वर न बघताच तो म्हणाला, "आमच्यात तसलं चालत नाही. हिच्या बापानं शिकवलं नाही आम्हाला."

"बघू की," वकील म्हणाला. "दिवस काही लांब नाही, आजचाच आहे."

त्यांच्यात तसलं चालत नव्हतं हे मात्र खरं होतं. तिचे बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी घरी आले की पुढच्या खोलीत गल्लीतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. दादा तिचा सख्खा भाऊ नव्हता. शेजारच्या घरातला मुलगा, आई लवकर गेलेली, बाप फिरतीवर. त्यामुळे शिकायला म्हणून आला आणि जेवायलाही तिथंच राहू लागला. ती तेव्हा पहिलीत होती. त्याला दादा म्हणायला तिला कुणी सांगितलं नाही, आपोआप म्हणायला लागली. तो बाबांना काका म्हणायचा. बाबा म्हणायचे, "ही दोघं माझे दोन डोळे." पण त्यातला उजवा कोणता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादानं एखादी चाल केली की बाबा मान मागे टाकून डोळे मिटायचे, गाणं ऐकल्यासारखे. तिनं चाल केली की म्हणायचे, "बरी आहे. चिकट आहे पोरगी."

चिकट ती होतीच. डाव हरल्यात जमा झाला, समोरचा खुर्चीतून अर्धा उठला, तरी ही आपली बसून राहायची आणि कुठून तरी अर्धा गुण ओरबाडून न्यायची. खेळणाऱ्यांत तिला पाठीमागे गोचीड म्हणायचे. तिलाही ते माहीत होतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, सकाळभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं, म्हणजे नाव दोन्हीकडून चपखल बसलं होतं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बुद्धिबळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणायचा, "गोचीड तर गोचीड. निदान त्यांना चावतेस तरी."

दादाला मात्र ती एकदाही चावली नव्हती. इतक्या वर्षांत स्पर्धांमध्ये त्याच्याशी ती पुष्कळदा खेळली, आणि प्रत्येक वेळी हरली. बरोबरीसुद्धा नाही. म्हणून त्या सकाळी लोक हसत होते तेव्हा तिच्या मनात निराळंच काही चाललं होतं. संघात जायचं होतंच, पण त्याहीपेक्षा तिला दादाला हरवायचं होतं.

खेळाची जागा म्हणजे एक मोठं सभागृह होतं, उंच खिडक्या, फरशीवर खुर्च्या सरकवल्याचे जुने चरे. पांढऱ्या सोंगट्या दादाकडे आल्या. दोघांनी घड्याळ सुरू केलं आणि चार चालींत उठणार म्हणून जमलेले लोक दोन तासांनी अजून तिथंच उभे होते.

तिनं हात धुऊन मागे लागायचं ठरवलं होतं आणि तिथंच ती चुकली. स्वभावाबाहेर जाऊन खेळली. राजासमोरची प्यादी पुढे काढली, हल्ला चढवला, आणि दादानं तिला येऊ दिलं. तो तसाच खेळायचा. दार उघडं ठेवायचं, पाहुणा आत आला की कडी लावायची. पाहता पाहता तिचं एक प्यादं गेलं, मग दुसरं. वजीर वजिराला मारून पटावरून उतरले. दुपार कलली तेव्हा तिच्याकडे राजा, एक हत्ती आणि दोन प्यादी उरली होती. दादाकडे तेवढंच सगळं आणि वर तीन प्यादी जास्त. वकील पटाच्या बाजूला हाताची घडी घालून उभा होता. संघाच्या पोशाखाचं माप देऊन आल्यासारखा त्याचा चेहरा दिसत होता.

तिच्या घड्याळात थोडीच मिनिटं होती. तिचा राजा कोपऱ्यात कोंडला होता, हलायला एकही घर नाही. एका प्याद्याचं डोकं दादाच्या प्याद्याला भिडलेलं, तेही हलेना. दुसरं प्यादं पटाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकटंच, ते तेवढं पुढे जाऊ शकत होतं. आणि हत्ती.

तेव्हा तिला ते दिसलं. राजाला शह नसेल आणि करायला चालच उरली नसेल, तर डाव हरत नाही, बरोबरीत सुटतो. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. ते टोकाचं प्यादं जर पटावर नसतं, तर तिच्याकडे हलवायला फक्त हत्ती राहिला असता. मग तो हत्ती पिसाळल्यासारखा दादाच्या राजाच्या अंगावर सोडायचा. मारला, तर तिला चाल नाही, बरोबरी. नाही मारला, तर शह देतच राहायचा. पण ते प्यादं दादानं मारायला हवं होतं, आणि दादानं ते मारायचं काहीच कारण नव्हतं. राजा एक घर बाजूला घेतला असता तर डाव तिथंच संपत होता.

तिनं ते प्यादं उचलून एक घर पुढे ठेवलं, दादाच्या हत्तीच्या थेट तोंडी. हात मुद्दाम जडसा ठेवला, बुडणाऱ्यानं हात मारावा तसा. आणि पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

दादाच्या घड्याळात वेळच वेळ होता. त्यानं फार तर एक श्वास घेतला असेल. फुकटचं प्यादं त्यानं खाल्लं, ते पटाबाहेर ठेवलं आणि घड्याळ दाबलं.

तिनं पेला खाली ठेवला आणि हत्ती त्याच्या राजाला खेटून ठेवला. शह.

दादानं हात पुढे केला होता, हत्ती मारायला. तो हात पटावर तसाच थांबला. तिनं वर पाहिलं नाही, पण तिला त्याचे कान दिसत होते. लहानपणी बाबांनी चूक दाखवली की त्याचे कान लाल व्हायचे, तसे ते कानाच्या पाळीपासून वरपर्यंत लाल होत गेले. त्यानं हात मागे घेतला. राजा सरकवला. हत्ती मागोमाग आला. राजा पुन्हा सरकला, हत्ती पुन्हा आला. राजाला त्यानं पटभर फिरवलं, आणि कुत्रं मागे लागावं तसा हत्ती मागे मागे. शेवटी तो थांबला.

"बरोबरी," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

हात मिळवताना त्याचा तळवा घामानं ओला होता. डाव झाला की दोघं पट पुन्हा मांडायची, कुठं काय चुकलं ते बोलायची. बाबांनी लावलेली सवय. तिनं सोंगट्या मांडायला घेतल्या. दादा म्हणाला, "डोकं दुखतंय गं. नंतर बघू." आणि गेला. त्या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. आनंद एवढा होता की डोकं कुणाचंही दुखो.

आवारात जाऊन तिनं घरी फोन लावला. बाबा आता तिच्याकडेच राहायचे. आयुष्यभर बारीक खिळे निवडून डोळे थकले होते आणि गेल्या काही वर्षांत पार गेले होते. पण पट त्यांना डोक्यात दिसायचा. तिनं पहिल्यापासून एकेक चाल सांगितली आणि ते "हं, हं" करत गेले. त्या प्याद्याशी आल्यावर हुंकार थांबला.

"ते त्यानं खाल्लं?"

"खाल्लं, बाबा."

"विचार न करता?"

"लगेच."

बाबा म्हणाले, "असं कसं खाईल तो?" आणि अभिनंदन करायचं विसरूनच त्यांनी फोन जावयाच्या हातात दिला.

ती आत आली तेव्हा वकील हातातला फोन एकेकाच्या नाकासमोर धरत होता. त्यातला बुद्धिबळाचा संगणक दाखवत होता की प्यादं खाण्याआधी दादाचा डाव सरळ सरळ जिंकलेला. "माझी पोरगी चौथीत आहे," वकील म्हणत होता. "ती नाही खाणार हे प्यादं. आणि हा माणूस दोनदा देशाचा विजेता आहे. आता तुम्हीच काय ते समजा."

लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. वकिलानं त्याच संध्याकाळी तक्रार केली.

चौकशीला तिला संघटनेच्या कचेरीत बोलावलं. कचेरी म्हणजे व्यायामशाळेच्या मागची एक खोली, भिंतीला ओल, कोपऱ्यात घडी घातलेलं टेबल टेनिसचं टेबल. अध्यक्ष इमारती बांधायचे. बुद्धिबळाशी त्यांचा संबंध उद्घाटनाच्या पहिल्या चालीपुरता. शेजारी सचिव बसले होते. ते एके काळी बरे खेळायचे.

"हे बघा बाई," अध्यक्ष म्हणाले, "आधी ठरलं असेल तर सांगून टाका. जो स्वतःहून सांगेल त्याला आम्ही सांभाळून घेऊ."

"काही ठरलं नव्हतं."

"तुमच्यासारख्या नावाजलेल्या माणसांकडून इतकी साधी चूक?"

"चूक मी केली नाही. त्यानं केली."

"तेच म्हणतोय मी. त्यांनी का केली?"

"चूक का करतात, साहेब? दिसलं नाही म्हणून."

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत राहिले. तिनं पट मागितला. मांडून दाखवते म्हणाली, दोन तास मी कशी मरत होते ते बघा, ठरवून कुणी असं मरतं का. अध्यक्ष म्हणाले, त्याची गरज नाही, त्यातलं मला काही कळत नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय होईल?"

"काय व्हायचंय? खोटं आम्ही बोललो नाही. तोही हेच सांगेल. मग त्यांच्याकडे राहतं काय?"

"तो हेच सांगेल कशावरून?"

"दादा आहे तो," ती म्हणाली. नवरा अवजारांची पिशवी उचलून आत ठेवायला गेला.

दादाची चौकशी दोन दिवसांनी झाली आणि तिच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सचिवांचा फोन आला. दादानं कबूल केलं होतं. शेवटच्या फेरीच्या सकाळी ती त्याच्याकडे आली होती म्हणे. बाबांचं आता काही खरं नाही, एकदा मुलगी संघात गेलेली त्यांना ऐकू दे, अर्धा गुण दे, असं रडून म्हणाली होती म्हणे. गुरूच्या उपकारांपुढे त्याचा नाइलाज झाला. निकाल असा, की डाव रद्द. तिला दोन वर्षं खेळायला बंदी. दादाला सहा महिने, खरं सांगितलं म्हणून. त्याच्या शिकवणीला हात लावलेला नव्हता. संघात वकील गेला.

फोन ठेवून ती पायात चपला सरकवून निघाली.

दादानं घराच्या पुढच्या दोन खोल्यांत शिकवणी थाटली होती. भिंतीशी पट मांडलेले, मुलं ओणवी होऊन खेळत होती, दाराशी पालकांच्या खुर्च्या. ती आत शिरली तशा दोन आया बोलता बोलता गप्प झाल्या. वहिनी पुढे आली. एरवी ती हाताला धरून आत न्यायची. आज पाण्याचा पेला पुढे केला, "बस गं," म्हणाली आणि नजर चुकवून गेली.

दादा तिला मागच्या सज्जात घेऊन गेला. तिथं धुतलेले कपडे वाळत होते. दोघं ओल्या चादरीच्या दोन बाजूंना उभी राहिली, मग त्यानं चादर बाजूला सारली.

"मी रडत आले होते तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"हळू बोल. पालक आहेत बाहेर."

"कधी आले होते?"

"ऐक माझं. त्यांनी ठरवलंच होतं. दोघांनाही कायमचं काढणार होते. तुला नोकरी आहे, मला आहे का? माझं सगळं या दोन खोल्यांत आहे."

"कायमचं कशावर काढणार होते? पुरावा काय होता? तू नाही म्हणायचं, मी नाही म्हणायचं, संपलं असतं."

दादा दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा लावत होता.

"संपलं नसतं," तो म्हणाला. "तो वकील सगळीकडे दाखवत फिरत होता ते. इथल्या दोन मुलांनी मला विचारलं, सर, तुम्ही ते का खाल्लं? परवा एक बाप येऊन म्हणाला, सर आता दमले असतील तर आम्ही दुसरीकडे बघतो. दमले म्हणे. मी."

तिला आता कळायला लागलं. इतका वेळ ती भीती शोधत होती त्याच्या तोंडावर. तिथं भीती नव्हती, अपमान होता.

"म्हणजे चोर म्हटलं तर चालेल," ती म्हणाली, "पण आंधळा म्हटलेलं चालणार नाही."

"तू नाही समजणार."

"समजलं की. डाव विकला म्हटलं तर चार दिवस बोलतील, गुरूसाठी केलं म्हटलं तर वर कौतुकही करतील. दिसलं नाही म्हटलं तर उद्या ही मुलं दुसरीकडे जातील."

"मला दिसलं होतं," दादा म्हणाला.

तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं.

"मला ते दिसलं होतं," तो पुन्हा म्हणाला, शांतपणे, मुलांना समजावतो त्या आवाजात. "तू प्यादं पुढे टाकलंस तेव्हाच दिसलं. मनात आलं, जाऊ दे, काकांना बरं वाटेल. मागितलं नसशील तू तोंडानं. पण तुझ्या तोंडावर दिसत होतं ना. मी काय तुला आज ओळखतो?"

"दादा, तुझे कान लाल झाले होते."

"उकडत होतं तिथं."

"तू हत्ती मारायला हात पुढे केला होतास. दिसलं होतं तर हात कशाला पुढे केलास?"

त्यानं हातातला चिमटा पुन्हा दोरीवर दाबला. मग तो म्हणाला, "इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्याकडून अर्धा गुण घेतलास का तू? एकदा तरी? मग त्याच दिवशी कसा घेतलास, याचा कधी विचार कर."

तो खोटं बोलत असता तर ती भांडली असती. पण त्याच्या डोळ्यांत पाहिल्यावर तिला दिसलं, की याला आता हे खरंच वाटायला लागलं आहे. स्वतःला सांगून सांगून त्यानं ते पाठ केलं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीत शंका उरत नाही. बाहेर कुठल्या तरी मुलानं मात म्हणून आरोळी दिली. दादा सवयीनं म्हणाला, "आलो रे," आणि चादर सारून आत गेला. वहिनीनं दिलेलं पाणी ती न पिताच आली.

घरी बाबा जागे होते, खाटेवर पाय सोडून बसलेले. दिवसभरात कुणी ना कुणी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. ती चपला काढत होती तोवर ते म्हणाले, "त्याचा फोन आला होता मला. काल."

"काय म्हणाला?"

"रडला बिचारा. म्हणाला, काका, तुम्ही रागवाल, पण मला राहवलं नाही." बाबांनी मान थोडी तिच्या दिशेनं वळवली. "तू मागितलंस का गं त्याच्याकडे?"

"नाही बाबा."

"एखादा शब्द गेला असेल तोंडून. सहज म्हणून."

"एक अक्षर नाही. मी त्याला फसवलं. प्यादं मी मुद्दाम टाकलं आणि त्यानं खाल्लं. चाल मी केली होती, बाबा. माझी होती ती."

"बरं," बाबा म्हणाले.

तो "बरं" ती लहानपणापासून ओळखत होती. शिकायला येणारं एखादं पोर म्हणालं, की मला ताप होता म्हणून डाव हरलो, की बाबा असंच "बरं" म्हणायचे.

तिनं अपील केलं. ते फेटाळलं गेलं. ज्यानं गुण दिला तोच दिला म्हणतो, मग अपील कसलं, असं तोंडी सांगण्यात आलं. नवरा म्हणाला, "सोड आता. माझ्या धंद्यात दोर तुटला तर दोराची तपासणी होते. तुमच्या धंद्यात जो पडला त्याची होते." सहा महिने झाले आणि दादा खेळायला लागला. पहिल्याच स्पर्धेत दुसरा आला. शिकवणीला तिसरी खोली जोडली.

आणि रविवारी रविवारी तो बाबांकडे यायला लागला. ती लॅबमधली रविवारची पाळी मागून घ्यायची. संध्याकाळी घरी आली की बाबांचा चेहरा उजळलेला असायचा. ओळखीचे कुणी भेटायला आले की ते त्यांना सांगायचे, "माझ्या दोघांत एकदा शेवटच्या फेरीत गाठ पडली. ह्याचा डाव जिंकलेला. पण बहिणीसाठी सोडला त्यानं. एवढं नाव घालवलं, पण सोडला. असं मन आज कुणाचं आहे?" ती चहा घेऊन यायची तेव्हा पाहुणे तिच्याकडे जरा बिचकून बघायचे. पहिल्यांदा तिनं मधे तोंड घातलं होतं. मग बाबांचा श्वास लागला, नवऱ्यानं डोळ्यांनी खुणावलं, आणि त्यानंतर तिनं घातलं नाही.

तिची बंदी संपत आली होती त्या सुमाराला, एका सकाळी लॅबच्या रांगेत सचिव बसलेले दिसले. साखर वाढली होती, उपाशीपोटी रक्त द्यायला आले होते. तिला पाहून ते अर्धवट उठले, पण पाळी तिच्याच टेबलाची आली.

"बसा," ती म्हणाली. "बाही वर घ्या. मूठ घट्ट करा."

तिनं पट्टा बांधला, शीर चाचपली, कापसानं पुसलं. सुई आत गेली तेव्हा सचिवांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तसंच तिकडे बघत म्हणाले, "ताई, तो डाव खरा होता. मी पुन्हा पुन्हा खेळून बघितला घरी. इतका खरा डाव मी फार वर्षांत बघितला नाही."

नळीत रक्त चढत होतं. तिनं हात हलू दिला नाही.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"त्याला विचारलं होतं मी, अध्यक्ष बाहेर गेले तेव्हा. म्हटलं, दिसलं नाही एवढं म्हण, मी सोडवतो दोघांना. तो म्हणाला, मला दिसलं नाही असं कागदावर जाणार असेल तर मी सही करणार नाही." सचिवांनी खाली मान घातली. "तोच विकला म्हणतो म्हटल्यावर मी काय करणार होतो? कुठं बोलू नका हे, एवढी विनंती आहे. मला अजून तिथंच बसायचंय."

"मूठ सोडा," ती म्हणाली. सुई काढली, कापूस दाबला. "हात दुमडून ठेवा थोडा वेळ. अहवाल संध्याकाळी मिळेल."

त्या दिवशी तिनं ते कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. नवरा कामावर गेला होता. बाबा खिडकीशी ऊन खात बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली आणि सगळं सांगितलं, सचिव काय म्हणाले, दादा काय म्हणाला होता, अक्षर न गाळता. बाबांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता ते विचारतील, पुन्हा सांग गं तो डाव, पहिल्यापासून.

"सचिवाला बुद्धिबळातलं काय कळतं," बाबा म्हणाले.

त्यांनी हात पुढे करून चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि केसांवरून हात फिरवला.

"तू अजून तेच धरून बसली आहेस," ते म्हणाले. "अगं, मागितलंस तर मागितलंस. बापासाठी मागितलंस ना? मी कधी रागावलो का त्यावरून? केव्हाच माफ केलंय मी तुला."

हात डोक्यावर तसाच होता. तिनं तो अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, उठली, आणि लॅबला उशीर होतोय म्हणून सांगून निघाली. पुढच्या महिन्यात बंदी संपली तेव्हा संघटनेकडून नाव नोंदवायचं का, अशी विचारणा आली. तिनं नको म्हणून कळवलं.